क्रूझवरचं सेफ्टी ड्रिल आणि व्हीलचेअरवरची आई, अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज

निळीशाई:

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं, आई बाबा आणि मी, सात रात्रींच्या क्रूझला जातोय. आईला तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अॅटॅक आला, डावी बाजू अजून कमजोर आहे. घरात ती चार पायांच्या काठीवर वीस-पंचवीस पावलं चालते, बाहेर व्हीलचेअरच लागते. जिना म्हणाल तर कठडा उजव्या हाताला असेल आणि मागून कुणी धरलं असेल तर पाच-सहा पायऱ्या, त्यापुढे नाही. बाबांना दोन्ही कानांना मशीन आहे, रात्री ते काढून ठेवतात आणि मग दार बडवलं तरी त्यांना कळत नाही.

केबिन नवव्या डेकवर मिळालीये, साधीच, व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या रुंद दाराच्या केबिन आधीच भरल्या होत्या. परवा माहिती वाचताना कळलं की पहिल्या दिवशी सगळ्यांना मस्टर ड्रिल, म्हणजे इमर्जन्सीत कुठे जमायचं त्याचा सराव, करावंच लागतं आणि आमचं मस्टर स्टेशन, म्हणजे ती जमायची जागा, बहुतेक चौथ्या किंवा पाचव्या डेकवर असेल, आणि खऱ्या इमर्जन्सीत लिफ्ट वापरायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, नवव्यावरून पाचव्यावर म्हणजे चार मजले, आईला खाली आणणार कोण आणि कसं, मी एकटी तर शक्यच नाही आणि बाबांची कंबर अशी की त्यांनाच आधार लागतो.

बुकिंग करून देणारे म्हणाले की फॉर्ममधला 'स्पेशल असिस्टन्स'चा रकाना रिकामाच ठेवा, नाहीतर कंपनी सर्टिफिकेटं मागत बसते, चढताना व्हीलचेअर दिसतेच की त्यांना. आणि ड्रिलचं म्हणाले तर व्हीलचेअरवाल्यांना त्यातून सूट मिळते, केबिनमध्येच बसा. आईलाही हेच बरं वाटतंय, कारण तिला मुळात कुणी परक्याने उचललेलं अजिबात चालत नाही, हॉस्पिटलमधले ते दिवस तिच्या मनातून गेलेले नाहीत. पण मला हे पटत नाहीये. खरंच सूट मिळते का, आणि घ्यावी का? लाइफजॅकेट एका हाताने घालता येतं का? व्हीलचेअर लाइफबोटमध्ये नेतात का? रात्री भोंगा वाजला आणि बाबांना ऐकूच आला नाही तर? खूप प्रश्न झाले, सॉरी, पण कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं सांगा.

भटकंती_कट्टा:

ताई टेन्शन नका घेऊ. आम्ही दोनदा जाऊन आलो, सासरे बरोबर होते, दोन्ही गुडघे गेलेले आणि वॉकर. आता ते पूर्वीसारखं सगळ्यांना तासभर उन्हात उभं करणं राहिलेलं नाही, फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, मग आपल्या वेळेने मस्टर स्टेशनला जायचं, तिथला माणूस कार्ड स्कॅन करतो, झालं. दहा मिनिटं. आम्ही लिफ्टने गेलो लिफ्टने आलो, सासरे तर म्हणाले एवढंच होतं होय. दुसऱ्या वेळी त्यांना बरं नव्हतं तर केबिनमध्येच येऊन समजावून गेले. स्टाफ खूप मदत करणारा असतो, काही झालंच तर ते बघतात, त्यांना ट्रेनिंग असतं. आईंना मजेत घेऊन जा.

जुना_डेकवाला:

मी चौदा वर्षं पॅसेंजर जहाजांवर होतो, काम हॉटेल साइडला पण जहाजावर प्रत्येकाला इमर्जन्सीचं एक वेगळं काम असतं, मस्टर लिस्टवर नंबरानुसार लिहिलेलं. मी आधी जिन्यावर लोकांना वाट दाखवायला होतो आणि शेवटची पाच वर्षं चालता न येणाऱ्या प्रवाशांना खाली आणणाऱ्या टीममध्ये. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट, तो रकाना भराच. रिकामा ठेवायला सांगणाऱ्याला तुमची बुकिंग सुरळीत व्हायची आहे, त्यापुढे काय होतं ते त्याला बघायला लागत नाही. सोलास म्हणून जो समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार आहे (टायटॅनिक १९१२ ला बुडाली, पहिला करार १९१४ ला झाला, आत्ता चालतो तो १९७४ चा, बदल होत होत आलेला) त्यात सरळ लिहिलंय की ज्यांनी इमर्जन्सीत मदत लागेल असं सांगितलंय त्यांची नोंद करायची आणि जहाज सुटायच्या आधी ती कॅप्टनपर्यंत पोचवायची. आता यातला शब्द नीट बघा, ज्यांनी सांगितलंय त्यांची. व्हीलचेअर दिसली म्हणून कुणी नाव लिहून घेत नाही. चढताना गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावर, शंभर व्हीलचेअर दिसतात, त्यातल्या कितीतरी फक्त लांब चालायला नको म्हणून घेतलेल्या असतात, ती माणसं जिना उतरू शकतात. आमच्या हातात जी यादी यायची त्यात केबिन नंबर आणि काय मदत लागेल एवढंच असायचं, यादीत नाव नाही तर आमच्या दृष्टीने त्या केबिनमध्ये चालता येणारी माणसं आहेत. मग ती केबिन बघायला कुणीतरी जातंच, सगळ्या केबिन तपासणारे वेगळे असतात, पण ते दोन हातांनी येतात, खुर्ची घेऊन नाही. आणि मग खुर्ची मागवायची, ती कुठल्या मजल्यावर आहे, कोण आणणार, यात जो वेळ जातो तो आईंचा जातो.

दुसरी गोष्ट ड्रिलची. भटकंती_कट्टा यांनी लिहिलं ते खोटं नाही, आजकाल ड्रिल तसंच असतं, २०२० नंतर कोविडच्या काळात ही फोनवरची पद्धत आली आणि बऱ्याच कंपन्यांनी ती ठेवली. पण त्यांच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, लिफ्टने गेलो लिफ्टने आलो. नेमकं तिथेच गडबड आहे. ड्रिलच्या दिवशी लिफ्ट चालू असते! चालणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही, तो त्या दिवशी जिना चुकवेल पण खऱ्या वेळी उतरेल. जिना न उतरता येणाऱ्या माणसाने मात्र ड्रिलमध्ये असा रस्ता बघितला जो खऱ्या वेळी नसणारच आहे. मेन वीज गेल्यावर इमर्जन्सी जनरेटरवर लिफ्टसाठी जी सोय नियमात सांगितलीये ती कशासाठी माहितीये का, लिफ्ट जिथे अडकली तिथून जवळच्या डेकच्या लेव्हलला आणायची आणि आतली माणसं बाहेर काढायची, ती पण एका वेळी एक एक लिफ्ट. तुम्हाला नवव्यावरून पाचव्यावर न्यायला नव्हे.

मग खऱ्या वेळी काय होतं. सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि एक लांब, हा सिग्नल सगळीकडे सारखा. तो झाला की चालणारे जिन्याने निघतात, जिन्यावर आमची माणसं उभी असतात, आणि मदत लागणाऱ्यांकडे टीम जाते. इव्हॅक चेअर म्हणजे एक घडीची खुर्ची असते, मागे पट्टे असतात ते पायऱ्यांच्या कडेवरून घसरत जातात, त्यामुळे खाली उतरवताना वजन उचलावं लागत नाही, एक माणूस वरून धरतो आणि एक पुढे असतो. खाली उतरवायला सोपी, वर न्यायला मात्र चौघं लागतात आणि ती दमवणारी गोष्ट आहे. म्हणजे तुमची केबिन मस्टर स्टेशनच्या खालच्या डेकवर असण्यापेक्षा वरच्या डेकवर असणं त्यातल्या त्यात बरं, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे त्याच डेकवर. जमलं तर अजून केबिन बदलून मिळते का विचारा, व्हीलचेअरवाली नसली तरी चालेल, नवव्यापेक्षा खालच्या डेकवरची आणि मस्टर स्टेशनच्या जवळची. तेही नाही जमलं तर निदान तुमचं मस्टर स्टेशन कमी पायऱ्यांवरचं देता येतं का ते विचारा, कधी कधी देतात.

तिसरी गोष्ट जी प्रवाशांना कुणी सांगत नाही. नियमाप्रमाणे पॅसेंजर जहाजावर क्रूचं ड्रिल दर आठवड्याला होतं. आम्ही खुर्चीत बसवायचो आमच्यातल्याच एकाला. तो धडधाकट, स्वतः पट्टा लावणार, हाताने कठडा धरून मदतच करणार. त्यामुळे खऱ्या अर्धांगवायू झालेल्या माणसाला बसवताना काय वेगळं होतं ते कितीतरी जणांना माहीतच नसतं, आणि कॉन्ट्रॅक्ट संपतात, माणसं बदलतात. त्यामुळे तुम्ही सांगणं हाच त्यांचा अभ्यास. मागणी कशी करायची ते सांगतो, जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या गेस्ट सर्व्हिसला जाऊन म्हणा की आईला जिना उतरता येत नाही, इमर्जन्सीत आमच्या केबिनसाठी कोणती टीम आहे, आम्ही केबिनमध्ये थांबायचं का जिन्याजवळ, फोन कुठल्या नंबरला करायचा. हे तीन प्रश्न. जहाजागणिक उत्तर वेगळं असतं म्हणून इथे कुणी सांगितलेलं धरून बसू नका.

आणि सूट. नका घेऊ. कोस्टा कॉन्कॉर्डियाचं आठवत असेल, १३ जानेवारी २०१२, इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी होणार होतं, कारण तेव्हा नियमात २४ तासांची मुभा होती. आता ती नाही, १ जानेवारी २०१५ पासून नियमच बदलला, सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या. एवढी माणसं गेल्यावर जो नियम झाला त्यातून आईंना बाहेर का ठेवायचं?

चाकांवरची_मी:

डेकवाल्या दादांना मनापासून धन्यवाद, हे असं आतून कुणी लिहीत नाही. मी स्वतः अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे, पाठीच्या कण्याची इजा, कमरेखाली काहीच हालचाल नाही, आणि पाच क्रूझ केल्यात. पहिल्या क्रूझचा अनुभव सांगते. कंपनीचं नाव घेत नाही.

ड्रिलला मी पण लिफ्टनेच गेले, कार्ड टिक झालं, परत आले. चौथ्या दिवशी दुपारी मी बाराव्या डेकवर पुस्तक वाचत होते, नवरा सहाव्यावर केबिनमध्ये झोपलेला. अलार्म झाला, घोषणा झाली की एका ठिकाणी धूर दिसलाय, आमची टीम बघतेय. आणि कॉरिडॉरची फायर डोअर्स धाडकन बंद झाली. ती चुंबकावर उघडी धरलेली असतात, अलार्मला आपोआप सुटतात. त्यांना कुलूप नसतं, ढकलली की उघडतात, पण बसलेल्या माणसाने एका हाताने तेवढं जड दार ढकलून दुसऱ्या हाताने खुर्ची पुढे नेणं, करून बघा. मी जेमतेम एक दार पार केलं. लिफ्टच्या दिव्यांचा पत्ता नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबले. बाजूने लोक उतरतायत, एक दोघांनी थांबून विचारलं, पण तेही घाबरलेले. वीस-पंचवीस मिनिटांनी एक क्रूचा मुलगा आला, फार चांगला मुलगा होता, त्याने विचारलं तुम्ही थोडं चालू शकता का. त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की मी वर आहे. यादीत माझं नाव होतं, पण केबिन नंबरासमोर! टीम सहाव्या डेकवर माझ्या केबिनकडे गेली होती. तेवढ्यात ऑल क्लिअर झालं म्हणून पुढचं काही झालं नाही.

तर निळीशाई, मला सगळ्यात महत्त्वाचं हे सांगायचंय की जहाजाला तुम्ही केबिनमध्ये आहात असं वाटतं, आणि तुम्ही दिवसातले दहा-बारा तास केबिनमध्ये नसताच. थिएटर, जेवणाची जागा, वरचा डेक. यादीत नाव देणं ही निम्मीच गोष्ट. दुसरी निम्मी म्हणजे जिथे बसाल तिथल्या जवळच्या क्रूला नुसतं सांगून ठेवायचं, आईला जिना उतरता येत नाही, काही झालं तर आम्ही इथे आहोत. अलार्म झाला की तुमच्यापैकी जो चालू शकतो त्याने क्रूचा माणूस गाठायचा आणि बोलायचं, डेक अमुक, पुढचा जिना का मधला का मागचा, एक व्यक्ती, जिना नाही. एवढंच वाक्य. आणि वेगवेगळे असाल तर एकमेकांना शोधायला केबिनकडे पळायचं नाही, ज्याने त्याने मस्टर स्टेशन गाठायचं, हे आधी तिघांनी बोलून ठरवा, कारण त्या वेळी नवरा मला शोधायला वर येत होता आणि खाली येणाऱ्या गर्दीच्या उलट चढत होता, तो प्रकार मला अजून आठवला की कसंतरी होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक क्रूझला मी पहिल्याच दिवशी इव्हॅक चेअर दाखवा म्हणते. दोन जहाजांवर मला बसवून एक मजला उतरवलं, एकावर इजा होईल म्हणून नाही म्हणाले पण खुर्ची काढून दाखवली, पट्टे कसे बांधतात ते दाखवलं. बसून बघितलं तेव्हा मला कळलं की त्या खुर्चीत पायांना टेकू जेमतेम आहे आणि माझे पाय बाहेर लोंबकळतात, तेव्हापासून मी एक रुंद पट्टा बरोबर ठेवते, पोटऱ्यांना एकत्र बांधायला. हे व्हिडिओ बघून कधीच कळलं नसतं.

लाइफजॅकेटचं सांगते. बहुतेक क्रूझवर डोक्यातून घालायचं फोमचं असतं, कमरेला पट्टा आणि क्लिप. नियमात कसोटी अशी आहे की आधी कधीच न पाहिलेल्या शंभरातल्या निदान ७५ जणांना ते मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे. आईंसाठी डोक्यातून घालणं एका हाताने जमेल, क्लिप जमणार नाही, ती तुम्हीच लावा आणि तुमचं स्वतःचं त्यानंतर. पण बसून घालून बघा, उभं राहून नाही. बसल्यावर मागचा फोम खुर्चीच्या पाठीला लागतो, पुढचा वर सरकून हनुवटीला येतो, मान पुढे ढकलली जाते आणि माणूस खुर्चीच्या कडेला घसरतो. व्हीलचेअरचा पट्टा असेल तर तो लाइफजॅकेटच्या खाली अडकतो, मग सोडवता येत नाही. बऱ्याच जहाजांवर आता जॅकेट केबिनमध्ये नसतं, मस्टर स्टेशनला देतात, तर ड्रिलला गेल्यावर तिथल्या माणसाकडे मागा, आईला घालून बघायचंय म्हणा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

भटकंती_कट्टा:

वरच्या दोन पोस्ट वाचून खरं सांगते गप्प झाले. सासऱ्यांच्या वेळी आम्ही हे काहीच विचारलं नव्हतं, ते अकराव्या डेकवर होते. निळीशाई ताई, माझं आधीचं उत्तर सोडून द्या. एक मात्र विचारते दादांना, मोठं जहाज असलं की एवढी हजारो माणसं, त्यात अशा लोकांसाठी वेळ मुळात धरलेला असतो का?

जुना_डेकवाला:

चांगला प्रश्न आहे. जहाज बांधतानाच ते किती वेळात रिकामं होईल याचा हिशोब करावा लागतो, मोठ्या क्रूझ जहाजाला मर्यादा ८० मिनिटं, त्यातली लाइफबोटीत चढून खाली सोडायची शेवटची ३०. जहाजांचे जागतिक नियम करणारी जी आयएमओ आहे तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या हिशोबासाठी प्रवासी कसे धरायचे त्याचा तक्ता आहे, त्यात शंभरातले ४० पन्नाशीपुढचे आणि हालचाल मंदावलेले धरलेत. म्हणजे हळू चालणाऱ्यांचा विचार झालेला आहे, बराच झालेला आहे. पण त्या तक्त्यात सगळे आपापल्या पायांनीच चालतात, कमी जास्त वेगाने. खुर्चीतून उतरवायची माणसं आणि त्यांना उतरवणारे चार हात त्यात नाहीत. १९९६ ला आयएमओने वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी जहाज कसं असावं याच्या शिफारशी काढल्या, शिफारशी आहेत, सक्ती नाही. त्यामुळे जहाजाजहाजात फार फरक पडतो.

म्हणून वेळेचं मी इतकं सांगतो. टीम लवकर पोचली तर सगळं जमतं. जहाज कलंडायला लागलं की मग खुर्ची जिन्यावर सरळ धरता येत नाही. लाइफबोटी २० अंश कलंडलेल्या जहाजावरूनही सोडता याव्यात असा नियम आहे, पण २० अंशांच्या उतारावर कॉरिडॉरमध्ये माणूस उचलून नेणं म्हणजे काय ते मी फक्त ट्रेनिंगमध्ये पाहिलंय आणि तेवढं पुरे झालं. धोक्याची चाहूल लागली की मदत लागणाऱ्याने आधी निघायचं, सात भोंग्यांची वाट बघायची नाही. काही गडबड वाटली, घोषणा झाली, तर तेव्हाच मस्टर स्टेशनच्या डेकवर जाऊन कॉफी पीत बसा, लिफ्ट चालू आहे तोवर. काही नाही निघालं तर परत या.

लाइफबोटचं राहिलं. व्हीलचेअर आत येत नाही, जागाच नसते, एका माणसाला बसायला ४३ सेंटिमीटर धरलेले असतात. खुर्ची डेकवर राहते. आईंना हातावर घेऊन आत बसवतात, डेकची कड आणि बोट यांच्यात फट असते ती ओलांडून. स्ट्रेचरवरचा माणूस आत घेता येईल अशी रचना बोटीत असलीच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे आईंना नेता येईल का ही शंका मनातून काढून टाका. नेता येतं. आम्ही सरावात नेलेलं आहे.

कानोसा:

बाबांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझं स्वतःचं ऐकणं जवळजवळ गेलेलं आहे. बऱ्याच कंपन्यांकडे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एक किट असतं, उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती, दार वाजलं की लागणारा दिवा, अलार्मला चमकणारा दिवा. मोजकेच असतात, आधी सांगावं लागतं, चढल्यावर मागितलं तर संपलेले असतात. फॉर्ममध्ये आईंबरोबर बाबांचंही लिहा, घरात एकाचंच लिहायचं असतं असा समज असतो. किट मिळालं की त्याच रात्री क्रूला सांगून ते चालवून बघा, मला एकदा दिलेल्या किटचे सेल मेलेले होते, तिसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत मी निवांत झोपत होतो.

दुसरं, मशीन रात्री कुठे ठेवतात ते ठरलेलं असू द्या. अंधारात शोधायला लागू नये. मी एका छोट्या पिशवीत ठेवतो, त्यात सुटे सेल, औषधं दोन दिवसांची, चष्मा, आणि एक कागद, मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला असं लिहिलेला. पिशवी दाराच्या आतल्या कडीला. आईंच्या पिशवीत औषधांशिवाय बसायची गादी पण टाका, कारण मस्टर स्टेशनला किती वेळ बसावं लागेल सांगता येत नाही. नॉर्वेजवळ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली, १,३७३ माणसं होती, त्यात वयस्कर खूप. लाटा इतक्या की लाइफबोटीचा विचारच नव्हता, ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज मोल्डे बंदराला लागेपर्यंत आत होते. अशा वेळी कडक जमिनीवर रात्र काढायची म्हणजे ज्यांना एका बाजूची जाणीव कमी आहे त्यांना जखमा होतात, कळतही नाही.

निळीशाई:

सगळ्यांचे किती आभार मानू. फॉर्म काल भरला, दोघांचाही. किट मागितलं. केबिन सहाव्या डेकवर बदलून मिळतेय, खिडकी नाहीये पण चालेल. एक गोष्ट मात्र अडलीये आणि ती नियमांची नाहीये. मी आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती ऐकत होती, आणि मग म्हणाली की मग मी येतच नाही. मला कुणी पोत्यासारखं उचललेलं नकोय. काय बोलावं कळेना.

चाकांवरची_मी:

आईंना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात ते मला शब्दाशब्दाने कळतं. परक्या माणसाचे हात काखेत येतात आणि तो वर बघून दुसऱ्याशी बोलत असतो, आपल्याशी नाही, तेव्हा जे वाटतं ते चालणाऱ्याला नाही सांगता येत.

मला ज्याने फरक पडला ते सांगते. मला कसं उचलायचं ते मी सांगायला लागले. आधी मी डोळे मिटून घ्यायचे आणि संपू दे म्हणायचे. आता मी म्हणते, थांबा, आधी नाव सांगा तुमचं, आता एक हात इथे, दुसरा गुडघ्यांखाली, मी तीन म्हणेन तेव्हा. ते ऐकतात. खरं तर त्यांना सुटल्यासारखं होतं, कारण चूक होईल याची भीती त्यांनाही असते. आईंना ड्रिलच्या दिवशी तुम्ही बोलू नका, त्यांनाच बोलू दे. भाषा अडली तर तुम्ही फक्त तेच शब्द पुढे सांगा. आणि घरी एकदा सराव करा, त्यांनी सूचना द्यायच्या आणि तुम्ही व बाबांनी ऐकायच्या, खुर्चीतून पलंगावर एवढाच.

पॅरालिसिस झालेल्या बाजूचा खांदा फार नाजूक असतो, त्या हाताला धरून ओढलं की निखळू शकतो, हे क्रूला माहीत असेलच असं नाही. हे सांगणारं माणूस आईंशिवाय दुसरं कोण असणार.

निळीशाई:

चार दिवसांनी लिहितेय. दुसऱ्या दिवशी आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, काही बोलली नाही. संध्याकाळी मी चहा ठेवत होते तर हाक मारली, म्हणाली कागद घे. मग सांगत गेली आणि मी लिहीत गेले. डाव्या हाताला धरायचं नाही. डावा खांदा ओढायचा नाही. उजव्या बाजूने या, मी उजव्या हाताने तुमच्या गळ्याला धरेन. चप्पल काढू नका, डाव्या पायाचा तळवा वळतो. आधी माझ्याकडे बघून बोला. तीन मी म्हणणार.

मी ते इंग्रजीत करून मोठ्या अक्षरात छापून आणलं, एक प्रत फॉर्मबरोबर पाठवली, एक व्हीलचेअरच्या मागच्या खिशात, एक पिशवीत. आईने बाबांना काल दोनदा पलंगावर बसवायला लावलं, दुसऱ्यांदा बाबांनी तीनच्या आधीच उचललं तर ओरडली त्यांच्यावर. मशीन घातलेलं होतं, त्यांना ऐकू आलं.

डेकवाले दादा, एवढंच विचारायचंय, हा कागद पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसला द्यायचा का थेट त्या टीमच्या कुणाला मिळेल असं काही करता येतं?

जुना_डेकवाला:

दोन्हीकडे. गेस्ट सर्व्हिसला एक द्या आणि सांगा की ही सेफ्टी ऑफिसरपर्यंत जाऊ दे, जहाजावर तो असतो, ड्रिल त्याच्याच अखत्यारीत. दुसरी प्रत ड्रिलला मस्टर स्टेशनचा जो इन्चार्ज असेल त्याच्या हातात द्या, तो आपल्या यादीला लावून ठेवेल. आणि तिसरी तुमची केबिन रोज आवरायला जो येईल त्याला वाचून दाखवा. आईंना दिवसातून दोनदा बघणारा माणूस जहाजावर तोच आहे, आणि इमर्जन्सीत त्या कॉरिडॉरमध्ये बहुतेक तोच किंवा त्याच्या शेजारचा पहिला येणार. नाव विचारून घ्या त्याचं.